चाक वाढले, ओढ घटली

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

हायवेच्या कडेला टायरवाल्याच्या टपरीसमोर एक वाद हमखास ऐकू येतो. ट्रकमालक म्हणतो, ‘या खेपेला जरा मोठे टायर टाकू. गाडी उंच होईल, खड्ड्यात आपटणार नाही.’ ड्रायव्हर मान हलवतो. ‘नको शेठ, गाडीचा पिकअप पडतो. भरली गाडी घाटात उचलत नाही.’ मालकाला वाटते, हा कुरकुऱ्या आहे. ड्रायव्हरला वाटते, शेठने कधी भरली गाडी घाटात उभी करून परत उचलून पाहिली आहे का?

गंमत अशी, की बोलणे दोघांचेही खरे आहे. आणि ज्या प्रश्नावर हे दोघे भांडत आहेत, त्याच प्रश्नाशी रेल्वेची इंजिने बांधणारे, सायकली तयार करणारे आणि ट्रकचे कारखानदार गेली पावणेदोनशे वर्षे झुंजत आले आहेत. चाक मोठे केले तर वाहन हलके चालते की जड? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र एका गोष्टीवर ठरते. चाक ओढले जाते आहे, की चाकच ओढते आहे?

ओढले जाणारे चाक म्हणजे आपल्या बैलगाडीचे. लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडाची कड आणि तिच्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. हे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच ठेवण्याची रीत उगीच पडलेली नाही. लहान चाक खड्ड्यात पुरते उतरते. मोठे चाक तोच खड्डा वरच्यावर ओलांडते. वाटेत दगड आला तर लहान चाक त्याला टक्कर देते, मोठे चाक त्यावर चढते. शिवाय आस आणि तुंबा यांच्यामध्ये जे घर्षण होते, त्यावर मात करायला मोठ्या चाकाची लांब तरफ उपयोगी पडते. म्हणून कच्च्या रस्त्यावर, चिखलात, नदीच्या वाळूत उंच चाकाची गाडी बैलांना हलकी जाते. हे ज्ञान आपल्या सुतारांना कुठल्या पुस्तकातून मिळाले नव्हते. बैलांच्या मानेवरून ते त्यांना कळत होते.

पण या गाडीतले चाक स्वतः काहीच ओढत नाही, हे लक्षात घ्या. ओढतात ते बैल, आणि तेही जमिनीला पाय रोवून. चाक नुसते मागून फिरत जाते. त्यामुळे ते मोठे केल्याने बैलांच्या ओढीत काही कमी होत नाही. फार तर चाकाचे वजन वाढते, एवढेच.

आता बैल सोडा आणि ताकद चाकाच्या आसात घाला. सगळा न्याय उलटतो. हे समजायला विहिरीवरचा हाताने फिरवायचा रहाट डोळ्यांपुढे आणा. दांडा तोच, हात तोच. पण दोर ज्या ओंडक्यावर गुंडाळला जातो, तो ओंडका जाड केला तर काय होईल? एका फेऱ्यात दोर जास्त वर येईल, पण कळशी जड लागेल. बारीक ओंडक्यावर कळशी हलकी लागेल, पण फेरे जास्त मारावे लागतील. इंजिनाच्या गाडीचे चाक म्हणजे हा ओंडका. आस त्याला पीळ देतो आणि चाक आपल्या काठाने रस्त्याला मागे रेटते. पीळ तेवढाच ठेवून चाकाची त्रिज्या वाढवली, की रस्त्यावर पडणारा रेटा त्याच प्रमाणात घटतो. एका फेऱ्यात अंतर मात्र जास्त कापले जाते. म्हणजे चाक मोठे करणे हे प्रत्यक्षात गिअर बदलणेच आहे. फरक इतकाच, की हा गिअर हाताने परत खाली घेता येत नाही.

हा व्यवहार सर्वांत उघडपणे दिसला तो जुन्या सायकलीत. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी पुढे भलेमोठे आणि मागे चिमुकले चाक असलेली सायकल बाजारात आणली. तिला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसावर होते, त्यामुळे पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून उपाय नव्हता. ५० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे ४ मीटर जाई. चाक किती मोठे घ्यायचे, हे स्वाराच्या पायांच्या लांबीवरून ठरे. जितका उंच माणूस, तितकी त्याची सायकल वेगवान. मात्र चढ आला, की हेच चाक पायांना जड होई आणि अनेकांना उतरून सायकल ढकलावी लागे. शिवाय इतक्या उंचावरून तोंडावर पडण्याची भीती होतीच.

यातून सुटका झाली ती १८८५ मध्ये. जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. तिची दोन्ही चाके बेताची होती आणि मागचे चाक साखळीने फिरत होते. आता वेगासाठी चाक वाढवायची गरज उरली नाही. पुढचे आणि मागचे दातेरी चक्र यांचे प्रमाण बदलले की झाले. आपल्याकडच्या २८ इंची सायकलचे पुढचे चक्र मागच्या फ्रीव्हीलच्या सुमारे अडीच पट दात्यांचे असते. म्हणजे ती चालते जणू ७० इंचांच्या चाकासारखी, पण स्वाराचे पाय जमिनीला टेकतात. आजही इंग्रजी मुलखातले सायकलपटू आपला गिअर ‘इतक्या इंचांचा’ असा सांगतात. हे इंच त्या जुन्या मोठ्या चाकाचे आहेत. गिअर आणि चाकाची उंची या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, याची ही बोलीतली खूणच म्हणायची.

रेल्वेला हा धडा याआधीच मिळाला होता, आणि तो जरा महागात पडला. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचा दांडा थेट मोठ्या चाकाला जोडलेला असतो. मध्ये गिअरबॉक्स नाही. म्हणून तिथे चाकाचा व्यास हाच गिअर. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे प्रख्यात इंजिनिअर ब्रुनेल यांनी अट घातली, की वेग वाढला तरी दट्ट्याची हालचाल फार जलद होता कामा नये. ती अट पाळण्यासाठी १८३८ मध्ये ‘हरिकेन’ नावाचे एक इंजिन तब्बल १० फूट व्यासाच्या चाकांवर उभे केले गेले. नाव वादळाचे, पण ते कामाला आले नाही आणि १८३९ मध्ये त्याला बाजूला करावे लागले. पुढे १८४७ पासून त्याच रेल्वेची ८ फुटी चाकांची इंजिने यशस्वी झाली, कारण त्यांचे बॉयलर आणि सिलिंडर त्या चाकांना पेलणारे होते आणि लंडनहून पश्चिमेला जाणारा त्यांचा मार्ग बराचसा सपाट होता.

तेव्हापासून एक रीत ठरून गेली. जलद गाडीच्या इंजिनाला उंच चाके आणि मालगाडीच्या इंजिनाला ठेंगणी. इंजिनाची ओढ काढण्याचे जे सूत्र आहे, त्यात सिलिंडरचे माप आणि वाफेचा दाब अंशस्थानी येतात आणि चाकाचा व्यास छेदात बसतो. छेद वाढला की उत्तर घटते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

आपल्या देशातच याचे सुंदर उदाहरण आहे. ज्यांनी वाफेच्या गाड्यांतून प्रवास केला, त्यांना टोकदार गोल नाक आणि त्यावर तारा असलेले ‘डब्ल्यूपी’ इंजिन आठवत असेल. १९४७ मध्ये आलेले हे मेल-एक्स्प्रेसचे इंजिन. त्याच्यामागोमाग १९५० मध्ये मालगाडीसाठी ‘डब्ल्यूजी’ आले. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले इंजिन, ‘देशबंधू’, याच जातीचे. दोघांचा बॉयलर एकाच नमुन्याचा आणि वाफेचा दाबही तोच. डब्ल्यूपीची चाके ५ फूट ७ इंचांची, तर डब्ल्यूजीची ५ फूट दीड इंचाची. डब्ल्यूपीची ओढ सुमारे १३,९०० किलो आणि डब्ल्यूजीची सुमारे १७,६०० किलो. डब्ल्यूजीचा सिलिंडरही थोडा मोठा आहे, हे खरे. पण तोच सिलिंडर ठेवून तिला डब्ल्यूपीची चाके लावली असती, तर सूत्राप्रमाणे ओढ सुमारे १६,२०० किलोवर आली असती. म्हणजे जवळजवळ दीड हजार किलोंचा फरक निव्वळ साडेपाच इंच चाकाचा!

आपल्या सह्याद्रीने तर हे इंजिनिअरांना पहिल्या दिवसापासून शिकवले. मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला. तिथे सर्वांत कठीण जागी दर ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला हा चढ भयंकरच. तिथे उंच चाकांची ऐटबाज इंजिने कामाची नव्हती. घाटासाठी ठेंगण्या चाकांची खास इंजिने ठेवावी लागली, आणि घाटाच्या पायथ्याशी इंजिन बदलणे वा जोडणे हा प्रवासाचाच एक भाग होऊन बसला. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला गाडी गेली, तिथे चढ २० ला १ इतका तीव्र. त्या गाडीची चिमुकली चाके पाहून पर्यटकांना खेळण्याची आठवण होते. पण तो खेळ नाही. त्या डोंगरावर चढायचे तर चाक लहानच लागते.

आता रस्त्यावर येऊ. जर्मनीत गॉटलिब डाइमलर यांनी १८९६ मध्ये पहिला मोटार-ट्रक तयार केला. इंजिन अवघे ४ अश्वशक्तीचे आणि वाहायचे होते १,५०० किलो. चाके घोडागाडीच्या घराण्यातली; लाकडी, उंच आणि लोखंडी धावेची. म्हणजे ओढले जाण्यासाठी घडवलेले चाक आता ओढण्याच्या कामाला लावायचे होते. यावर डाइमलर यांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. त्यांनी चाकाला आतून दाते असलेली मोठी कडी जोडली आणि इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक त्या कडीत फिरवले. छोटे चाक अनेक फेरे फिरे तेव्हा मोठे चाक एकदा फिरे. वेग गेला, पण पीळ वाढला, आणि ४ घोड्यांचे इंजिन दीड टन ओझे घेऊन हलू लागले. ही युक्ती लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

लोखंडी धावेच्या जागी आधी भरीव रबर आले. हवेच्या टायरची कल्पना तशी जुनी. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण ती रुजली १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी हवेचा टायर केला तेव्हा. मोटारींना हा टायर लवकर मिळाला. ट्रकचा भार मात्र त्याला पेलेना, म्हणून पहिल्या महायुद्धातले बहुतेक ट्रक भरीव रबरावर खडखडत धावले. १९१७ मध्ये अमेरिकेत गुडइयर कंपनीने आपला माल हवेचे टायर लावलेल्या ट्रकमधून अॅक्रनहून बॉस्टनला नेऊन दाखवला. पहिल्या फेरीत टायर वारंवार फुटले, तरी कंपनीने नाद सोडला नाही.

त्या काळच्या टायरमध्ये एक अडचण होती. जास्त भार पेलायचा तर टायर फुगीर हवा, आणि फुगीर टायर म्हणजे उंच टायर. ट्रकसाठी ४४ इंच उंचीचे, त्याहूनही मोठे टायर निघाले. गाडीचा माळा उंच झाला, उचल मंद झाली आणि ब्रेकवर ताण आला. यावर त्याच सुमारास एक वेगळे उत्तर शोधले गेले. दोन राक्षसी चाकांऐवजी मागे दोन आस घ्यायचे, बेताची चाके जास्त लावायची आणि भार वाटून टाकायचा. आज आपल्या रस्त्यांवर दहा, बारा, चौदा चाकांचे ट्रक दिसतात, ते याच विचाराचे वारस. चाक वाढवण्यापेक्षा चाके वाढवा, हा त्यातला मंत्र.

मग मोठे चाक नेहमीच तोट्याचे का? मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या अडीच टनी सहाचाकी ट्रकवरून पाण्यात आणि जमिनीवर चालणारी एक गाडी बनवली. सैनिक तिला ‘डक’, म्हणजे बदक म्हणत. मूळ ट्रकचे टायर ७.५०-२० मापाचे होते, बदकाला दिले ११.००-१८ चे. रिंग लहान, पण टायर कितीतरी रुंद आणि उंच. शिवाय ड्रायव्हरला जागेवर बसून टायरमधली हवा कमी-जास्त करता येई. समुद्रातून वाळूवर चढताना हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो, आणि पक्क्या रस्त्यावर आले की पुन्हा भरायची. १९४३ मध्ये सिसिलीच्या आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर या गाड्यांनी मालाची जी वाहतूक केली, ती अरुंद टायरच्या ट्रकला जमली नसती. वाळूत रुतलेल्या गाडीचा पिकअप शून्य असतो. तिथे मोठा टायर घेणे हा शहाणपणाचा सौदा होता. सौदा कोणता आणि कशासाठी, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

आपल्याकडे १९५४ मध्ये टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. पुढच्या काही दशकांत भारतीय ट्रकचे दोन टायर घराघरांत पोचावेत इतके परिचित झाले: ९.००-२० आणि १०.००-२०. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिंगेचा, दोन्ही इंचांत. रिंग एकच असल्याने ९०० काढून १००० टाकण्याचा मोह स्वाभाविक. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये रुंदी वाढली की उंचीही वाढते. ९.००-२० ची उंची सुमारे १०२ सेंटिमीटर, १०.००-२० ची सुमारे १०५. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. ‘एवढ्याने काय होते?’ हा टपरीवरच्या शेठचा प्रश्न इथेच उभा राहतो.

तर हिशोब करून पाहू. सोपे जावे म्हणून चाकाची त्रिज्या ५० सेंटिमीटरवरून ५२ झाली असे धरू. समजा, एका गिअरमध्ये मागच्या आसावर १००० किलोग्रॅम-मीटर पीळ येतो. ५० च्या चाकावर रस्त्याला रेटा मिळतो २,००० किलोंचा. ५२ च्या चाकावर तोच रेटा १,९२३ किलो होतो. गेले ७७ किलो. शेकडा चारही नाहीत.

पण गाडीचा पिकअप सगळ्या रेट्यातून येत नाही. तो येतो शिल्लक राहिलेल्या रेट्यातून. १६ टनांचा ट्रक २० ला १ अशा चढावर असेल, तर ८०० किलो रेटा नुसता उतारावरून मागे न घसरण्यात खर्च होतो. टायर रस्त्यावर लोळण्यात आणखी दीडशे-एकशे साठ किलो जातात. हा खर्च ९६० धरा. आधी शिल्लक होती १,०४०. आता राहिली ९६३. म्हणजे पिकअपमध्ये घट सात टक्क्यांहून जास्त. आता हाच ट्रक कुणी २५ टनांपर्यंत भरला असेल, तर खर्च जातो १,५०० किलोंवर. आधीची शिल्लक ५००, आताची ४२३. घट पंधरा टक्के! पगारात चार टक्के कपात झाली तरी घरभाडे आणि किराणा तेवढाच राहतो. मार बसतो तो महिनाअखेरच्या शिलकीला. घाटातल्या ट्रकचे तसेच आहे. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवणाऱ्याला जे जाणवतही नाही, ते खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर भरल्या गाडीच्या ड्रायव्हरला पायाखाली कळते. म्हणून म्हटले, त्याची कुरकुर खरी असते.

त्यात आणखी एक भर. चाकाला नुसते पुढे न्यायचे नसते, फिरवायचेही असते. फिरत्या वस्तूचे वजन काठाकडे असले की ते उचल घेताना जवळजवळ दुप्पट मोजावे लागते. टायरचे वजन तर सगळे काठाशीच. सोळा टनांच्या ट्रकमध्ये हा भाग किरकोळ ठरतो, पण हलक्या पिकअप गाडीला किंवा जीपला जड रिंगा आणि रुंद टायर लावले, की तो लगेच जाणवतो.

आणि उचल हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. ब्रेकसुद्धा चाकाला पीळच देतो, फक्त उलट दिशेने. चाक मोठे झाले की ब्रेकचा रस्त्यावरचा जोरही त्याच प्रमाणात घटतो. चढावर चार टक्के कमी पडले तर गाडी उशिरा पोचेल. उतारावर कमी पडले तर काय होते, ते घाटातल्या संरक्षक कठड्यांवर लिहिलेले असते. शिवाय स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नव्हे. आपल्या उदाहरणातला काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६२ ने धावत असेल. किलोमीटरही कमी पडतील, आणि मालक म्हणेल, ‘मोठे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज पडले.’ त्यातले काही पडणे खरे, काही नुसत्या काट्याचे!

चाक मोठे करायचेच असेल, तर त्याची किंमत कुठे चुकवायची याचे उत्तर डाइमलर यांनी १८९६ मध्येच देऊन ठेवले होते. अमेरिकेत सेंट लुइसजवळ बॉब चँडलर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे १९७४ ची फोर्ड पिकअप होती आणि तिला मोठमोठे टायर लावण्याची त्यांना भारी हौस. प्रत्येक मोठ्या टायरबरोबर गाडीचा एखादा आस किंवा गिअर मोडे. अॅक्सिलरेटरवर पडणाऱ्या त्यांच्या जड पावलामुळेच गाडीला ‘बिगफूट’ हे नाव मिळाले. चँडलर यांनी अखेर लष्करी ट्रकचे दणकट आस बसवले, ४८ इंची टायर चढवले, आणि पुढे थेट शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांचे ६६ इंची टायर. यातूनच ‘मॉन्स्टर ट्रक’चा खेळ जन्मला. अशा गाड्यांच्या चाकाच्या तुंब्यात आता दातेरी चाकांचा संच असतो. मधल्या चाकाभोवती छोटी चाके सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखी फिरतात, म्हणून त्याला प्लॅनेटरी गिअर म्हणतात. अखेरचा पीळ चाकाच्या पोटातच वाढवायचा. डाइमलर यांच्या आतल्या दात्यांच्या कडीचेच हे सुधारलेले रूप. खाणीतले महाकाय डंपरही याच युक्तीवर चालतात. त्यातल्या सर्वांत मोठ्यांचा टायर सुमारे ४ मीटर उंच आणि ५ टनांहून जड असतो. असे चाक इंजिनाने सरळ फिरवायचे म्हटले, तर ते जागचे हलणार नाही.

अलीकडे आपल्याकडेही जीपना, पिकअपना मोठी चाके लावण्याची हौस वाढली आहे. दिसायला गाडी रुबाबदार होते, यात शंका नाही. पण बदलले जातात फक्त टायर. आतला क्राउन-पिनियन तोच, ब्रेक तेच, काटा तोच. आपण गाडीचा गिअर बदलला, हे मालकाच्या गावीही नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करू नये, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर कडक बोट ठेवले. पुष्कळांना ही सरकारी कटकट वाटते. पण उत्पादकाने जेव्हा टायरचे माप ठरवले, तेव्हा इंजिन, गिअर, ब्रेक आणि भार या सगळ्यांचा मेळ घालून ते ठरवले होते. त्यातली एक रक्कम आपण बदलली, तर बाकीच्या रकमा पुन्हा मांडाव्या लागतात. उत्पादकाने स्वतः दोन मापांना मान्यता दिली असेल, तर ती जुळवणी त्याने करून ठेवलेली असते.

म्हणून टपरीवरच्या त्या वादाचा निवाडा असा करता येईल. शेठचे म्हणणे बैलगाडीच्या काळचे आहे, आणि खड्ड्यापुरते ते आजही खरे आहे. ड्रायव्हरचे म्हणणे इंजिनाच्या काळचे आहे, आणि घाटात तेच खरे ठरते. मोठे चाक खड्डे गिळते, वाळू ओलांडते, सपाटीवर इंजिनाला विसावा देते. त्याबदल्यात ते उचल मागते आणि ब्रेकचा जोर मागते. टायर बदलण्याआधी आपली गाडी कुठे चालते, किती भरते आणि कुठले घाट उतरते, हे शेठने ड्रायव्हरला एकदा विचारावे. स्टिअरिंगमागे तोच बसलेला असतो.